उजव्या मानेतली गुणगुण

बाळाला औषध पाजायची रेजिताची स्वतःची एक रीत होती. ड्रॉपर नुसता तोंडाजवळ नेला, की कुट्टन मान अशी फिरवायचा की थेंब ओठांऐवजी कानात. म्हणून ती आधी करंगळी त्याच्या हनुवटीवर टेकवायची. मग तो इकडे वळो नाहीतर तिकडे, करंगळीसोबत तिचा हातही वळायचा आणि ड्रॉपर आपला जिथल्या तिथे.

त्या सकाळीही तिनं तसंच औषध पाजलं. शेवटचा थेंब जिभेवर पडतो न पडतो तोच फोन वाजला.

“डॉक्टर मोळे, नऊ नंबर उठत नाहीये.”

एवढंच बोलून गोठा सांभाळणारा तंकच्चन थांबला. वयानं मोठा, म्हणून तो तिला आपल्या मल्याळीत ‘मोळे’, म्हणजे पोरी, म्हणायचा. तंकच्चन हा एका वाक्यात थांबणारा माणूस नव्हता. गोठ्यातला नळ गळत असला, तरी तो त्याच्या आजोबांच्या विहिरीपासून सुरुवात करायचा.

तिनं कुट्टनला आईच्या मांडीवर ठेवलं आणि पायात चपला सरकवल्या.

“अगं, पुट्टु गरम आहे, दोन घास तरी खा,” अम्मा म्हणाली. “आज हरताळ ना? कोण येतंय तुला विचारायला?”

“मेंढ्यांना कुणी सांगितलं नाही हरताळाचं, अम्मा.”

“आणि हा रडला तर?”

ती चढ चढायला लागली.

क्वार्टर टेकडीच्या उतारावर होती आणि संशोधन संस्थेचा प्राण्यांचा विभाग माथ्यावर. हरताळ आदल्या संध्याकाळी अचानक जाहीर झाला होता, आणि विभागाचे प्रमुख कुरुविला सार पुतणीच्या लग्नाला कोट्टयमला गेले होते ते तिथंच अडकले. तिच्या बरोबरीनं काम करणारा डॉक्टर हरीश याची मोटारसायकल चौकातच अडवून कुणीतरी चाकांतली हवा सोडून दिली. माथ्यावर पोचू शकणारी माणसं उरली दोन. खाली फाट्याजवळ राहणारा तंकच्चन, आणि ती.

हरीश नाही, हे तिला सगळ्यात जास्त बोचत होतं.

ती बाळंतपणाच्या रजेवरून परतल्याला फार दिवस झाले नव्हते. रजेच्या शेवटी कुट्टनला जुलाब झाले. एका दुपारात पोर सुकलेल्या पडवळासारखं झालं. दवाखान्यात नर्सबाईंना त्याची शीर सापडेना. हातावर टोचलं, पायावर टोचलं, मनगटावर टोचलं. रेजितानं त्याला धरून ठेवलं होतं. ज्या बाईनं शेकडो मेंढ्यांच्या आणि डुकरांच्या शिरा डोळे मिटून गाठल्या, तिला स्वतःच्या लेकराचा चिमुकला हात घट्ट दाबून धरण्यापलीकडे काही करता आलं नाही. आणि कुट्टन बघत होता तो सुई टोचणाऱ्या नर्सकडे नाही, तिच्याकडे. शेवटी डोक्यावरची एक शीर लागली आणि पोर वाचलं. आता तो अम्माची चांदीची साखळी ओढण्याइतका बरा होता. पण त्या दिवसापासून सुईचं टोक कातडीला टेकलं, की रेजिताचा हात थरथरायला लागायचा.

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. रक्त काढायची वेळ आली, की ती म्हणायची, “हरीश, आज तू घे ना, मी नोंदी करते.” हरीश बिचारा आनंदानं घ्यायचा.

आणि आज हरीश चौकात पंक्चरवाल्याला शोधत होता.

नऊ नंबर, म्हणजे कानात नऊचा बिल्ला असलेली मेंढी, कोपऱ्यात आडवी पडली होती. पोट डाव्या बाजूनं तट्ट फुगलेलं, डोळे खोल गेलेले, नाकपुड्या कोरड्या. तंकच्चन तिच्यापाशी उकिडवा बसला होता. खांद्यावरचा तोर्त त्यानं काढून तिच्या मानेखाली घातला होता, आणि हे त्याच्याकडून म्हणजे फारच. तो पातळ पंचा तो स्वतःच्या बायकोलाही हात पुसायला देत नसे.

“कधीपासून?”

“पहाटे आलो तेव्हा अशीच होती.”

रेजितानं मेंढीच्या पोटावर मूठ दाबली. आत पाणी हिंदकळल्याचा आवाज आला. तोंडाजवळ वाकली तर आंबूस वास. आणि त्या वासाखाली आणखी एक गोड, दाट वास होता, जो त्या महिन्यात अख्ख्या टेकडीला येत होता.

तिनं मान वर करून गोठ्यामागच्या झाडाकडे पाहिलं. मग तंकच्चनकडे.

“अच्चाया,” ती या वडीलधाऱ्या माणसाला नेहमी म्हणायची तसं म्हणाली, “फणस?”

तंकच्चननं मान खाली घातली. “बरका होता, मोळे. रात्री आपोआप खाली पडला, फुटला. एवढा मधासारखा फणस मातीत जाणार. हिला रोज तेच मोजून दिलेलं भुसकट... मी म्हटलं, बिचारीचे थोडेच दिवस राहिलेत. दोन गरे दिले.”

“दोन?”

“पहिल्यांदा दोनच दिले.”

“आणि नंतर?”

“नंतर ती मागत होती,” तंकच्चन म्हणाला.

फणसाच्या दिवसांत गावोगावच्या गाई-शेळ्या अशाच आडव्या होतात, हे त्या मुलखात पोरांनाही ठाऊक असतं. तंकच्चनलाही होतं. पण मेंढी काही शेळी नव्हे, असं त्यानं त्या रात्री स्वतःला समजावलं असावं. गोड गर पोटात आंबतो, त्याचं आम्ल होतं, अंगातलं पाणी पोटात उतरतं आणि रक्त दाट होत जातं. रेजितानं आधी तोंडातून नळी घालून सोड्याचं पाणी पोटात सोडलं. पण एवढ्यानं भागणार नव्हतं. हिला शिरेतून सलाईन हवं होतं, भरपूर, आणि लगेच.

आणि घोडं तिथंच पेंड खात होतं.

नऊ नंबरच्या मानेत उजव्या बाजूला कातडीखाली एक कृत्रिम नळी बसवलेली होती. एक टोक धमनीला, एक टोक मानेच्या मोठ्या शिरेला. ज्या माणसांची मूत्रपिंडं गेली आणि सुया टोचून टोचून हातांच्या शिरा निकामी झाल्या, त्यांच्या डायलिसिससाठी ती नळी होती. आधी पारखायला म्हणून सहा मेंढ्यांत ती बसवली होती. एक आधीच गेली होती. निदान पाच तरी मुदतीपर्यंत टिकल्या पाहिजेत, नाहीतर सगळं पहिल्यापासून. म्हणजे नव्या सहा मेंढ्या. मुदत भरली, की मेंढीला कायमचं झोपवून नळी काढून तपासायची, आणि नऊ नंबरची मुदत पंधरवड्यावर आली होती.

उजव्या मानेला सुई लावायची नाही, हा त्या गोठ्यातला पहिला आणि शेवटचा नियम. आणि डाव्या मानेतून दर आठवड्याला रक्त काढलं जायचं.

रेजितानं डावी मान भादरली, अंगठा दाबला, शीर फुगायची वाट पाहिली. बोटाखाली लागला तो सुतळीसारखा टणक दोर. शीर आता पुरती बुजली होती. माणसांच्या हातांचं जे होतं, तेच हिच्या मानेचं झालं होतं.

तिनं उजव्या बाजूवर हलकेच दोन बोटं ठेवली. नळीतून रक्त धावतं तेव्हा कातडीवर एक गुणगुण जाणवते. मुठीत भुंगा पकडावा तशी. रोज सकाळी आल्याआल्या ती जाणवते का हे बघायचं, हाही तिथला रिवाज. आज भुंगा दमला होता. जाणवत होता, पण मध्येच थांबायचा, परत सुरू व्हायचा.

तिनं कुरुविला सारांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकून गव्हाणीच्या कठड्यावर ठेवला. पलीकडे लग्नघराचा गलबला होता.

“गुणगुण लागतेय?” सारांनी पहिलं तेच विचारलं.

“लागतेय. पण क्षीण आहे, सार.”

“रक्तदाब पडतोय. गुणगुण थांबली की नळीत गुठळी झालीच म्हणून समज. मग मेंढी वाचली काय अन् नाही काय. खाल्लं काय तिनं?”

रेजितानं तोंड उघडायच्या आत तंकच्चननं फोनच्या दिशेनं मान पुढे केली. “फणस, सार. मी दिला.”

गलबल्यात क्षणभर नुसता बँडच ऐकू आला.

“तंकच्चा,” सार म्हणाले, “तुझ्या घरी येऊन मी तुलाच आख्खा फणस सालीसकट खायला घालीन. आता डॉक्टर सांगेल तसं धर. रेजिता, पुढचे पाय बघ. तुझा हात चांगला आहे, काळजी नाही.”

तुझा हात चांगला आहे. तिनं ग्लोव्हज चढवले.

मेंढीची कातडी जाड. सुई सरळ घुसवली तर तिच्यावरच्या प्लॅस्टिकच्या नळीचं टोकच मुडपतं. म्हणून आधी कातडीला तांदळाएवढा छेद द्यायचा आणि मग शिरेत शिरायचं. तंकच्चननं कोपराजवळ अंगठा दाबून शीर अडवली. पण अंगात पाणीच नाही तर शीर फुगणार कुठून? कोमट पाण्याचा बोळा ठेवला, चोळलं, थांबली. मग एक निळसर रेघ दिसल्यासारखी झाली.

तिनं छेद दिला. सुईचं टोक आत टेकवलं. आणि हात थरथरला.

शीर बाजूला सरकली. तिनं पुन्हा टोक वळवलं, पुन्हा सरकली. बाहेर काढली तेव्हा छेदातून रक्ताचा एक काळा थेंब आला, आणि तो वाहिला नाही, तसाच बसला. एवढं रक्त दाट झालं होतं.

“होतं असं,” तंकच्चन म्हणाला. “दुसरा पाय आहे ना, मोळे.”

दुसऱ्या पायाला सुई आत गेली. मागच्या टोकाला लाल दिसलंसुद्धा. रेजितानं श्वास रोखला, नळी पुढे सरकवायला घेतली, आणि नेमकी तेव्हाच ती थरथर दंडातून बोटांत उतरली. सुई शिरेच्या पलीकडच्या भिंतीतून बाहेर. कातडीखाली सुपारीएवढी गाठ चढली.

तंकच्चन तिच्या हाताकडे बघत होता.

“मोळे... जेवला नाहीत का सकाळी?”

“नाही,” ती म्हणाली. खोटं नव्हतंच ते.

नऊ नंबर कण्हली. बारीक, घशातल्या घशात. त्या आवाजासरशी रेजिताच्या छातीत पान्हा दाटून आला आणि कुर्ता ओला झाला. कुट्टनची दूध प्यायची वेळ उलटून गेली होती. खाली क्वार्टरमध्ये तो आता तांबडालाल होऊन ओरडत असणार आणि अम्मा त्याला खिडकीतला कावळा दाखवत असणार. तिनं कोपरानं ओढणी पुढे घेतली. तंकच्चननं शहाण्या माणसासारखं दुसरीकडे पाहिलं.

“सार,” तिनं फोनकडे वळून सांगितलं, “पुढचे दोन्ही पाय गेले.”

“दोन्ही?” सारांचा आवाज बदलला. मग ते शांतपणे म्हणाले, “ऐक. नसेल जमत तर तिला ताटकळत ठेवू नकोस. झोपेचं इंजेक्शन देऊन टाक, त्रास वाचेल. नळी काढून बर्फात ठेव.”

“झोपेचं इंजेक्शनही शिरेतूनच जातं, सार.”

मारायलासुद्धा शीर लागते, हे तिघांच्याही एकदमच ध्यानात आलं.

“उजवी बाजू आहे की!” तंकच्चन न राहवून बोलला. “ही बघा, करंगळीएवढी जाड शीर. आंधळ्यालाही सापडेल. एकदाच टोचा. ही जगू दे. नळी गेली खड्ड्यात!”

खरंच होतं ते. धमनीचं रक्त येऊन येऊन उजवीकडची शीर एवढी तगडी झाली होती, की बाकी सगळं अंग सुकलं तरी ती कातडीखाली दिसत होती. तिथं थरथरता हातही चुकला नसता. रेजिताची नजर तिथून हलेना.

“सार, तुम्ही सांगा.”

“मला विचारशील तर हात लावू नकोस. तिथं टोचलंस की नळीचं रक्त सुईपाशी अडखळणार, आधीच क्षीण झालंय. पण मी इथं केळीच्या पानावर बसलोय आणि तू तिथं आहेस. ठरव तू.”

तिनं पुन्हा दोन बोटं उजव्या मानेवर टेकवली. गुणगुण. थांबली. तिनं मनातल्या मनात बाळाला थोपटावं तसं थोपटलं, ये, ये. मग पुन्हा, अगदी दुरून, गुणगुण.

इथं टोचलं तर ही कदाचित वाचेल, पण हिचं चार महिने मान ताठ ठेवून उभं राहणं मातीमोल. वर आणखी सहा मेंढ्या, आणखी सहा माना.

“अच्चाया, हिला उजव्या कुशीवर घ्या, पण मान दबणार नाही अशी,” ती म्हणाली. “मागचा पाय बघू.”

मागच्या पायाच्या बाहेरच्या अंगाला, घोट्याच्या वर, एक शीर तिरकी जाते. चंचल. बोट लावलं की निसटणारी. म्हणून तिच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. तंकच्चननं मेंढी वळवली, तोर्त तिच्या डोळ्यांवर टाकला आणि मांडीखाली दोन्ही हातांनी कडं केलं. पण आता त्याचे हातही कापत होते, आणि मेंढीचा पाय तर आचक्यांनी सारखाच उडत होता. कापणारं जनावर, कापणारा धरणारा, आणि कापणारी सुई.

“हे माता मेरी,” तंकच्चन पुटपुटला, “एकानं तरी स्थिर राहा रे.”

रेजितानं केस भादरले, पाण्याचा बोळा फिरवला. कातडीखाली निळी रेघ उमटली. तांदळाएवढा छेद. सुई हातात घेतली. टोक छेदाशी नेलं. पाय उडाला. टोक बाजूला. परत नेलं. हात थरथरला. टोक बाजूला.

ती थांबली. तोर्ताच्या खालून मेंढीचा जबडा तेवढा दिसत होता. हनुवटीवर पांढरे बारीक केस होते, लाळेनं ओले झालेले.

रेजितानं करंगळी मेंढीच्या नडगीच्या हाडावर टेकवली. नुसती टेकवली नाही, सगळा हात त्या करंगळीवर सोडून दिला. पाय उडाला, तसा तिचा हातही उडाला. सुईचं टोक छेदाशीच राहिलं. तिचा हात थरथरला, तर तिच्या बोटाखालचा पायही तेवढाच थरथरला. दोघींचं थरथरणं आता एकच होतं.

“धरा,” ती म्हणाली.

“धरलंय.”

टोक आत गेलं. शीर निसटू बघत होती, तिनं घाई केली नाही. पाय एकदा जोरात झटकला गेला, ती त्याच्यासोबत गेली आणि त्याच्यासोबत परत आली. सुईच्या मागच्या टोकात काळपट लाल चढलं. आता खरी भीती. याच जागी मघाशी घात झाला होता. करंगळी तशीच ठेवून, अंगठ्याच्या नखानं, ती प्लॅस्टिकची नळी एकेका भाताच्या शिताएवढी सरकवत राहिली. तंकच्चन श्वास घेत नव्हता. लग्नघरातला बँडही मध्येच थांबला होता की काय कुणास ठाऊक.

नळी बुडापर्यंत गेली. तिनं सुई ओढून काढली. रक्त आलं, सावकाश, पण आलं. पिचकारीनं थोडं पाणी सोडून पाहिलं. गाठ चढली नाही.

“सलाईन,” ती म्हणाली. तंकच्चन उभा राहिला तेव्हा त्याचे गुडघे कटकन वाजले.

“रेजिता?” फोनमधून सार ओरडले. “काय झालं? कुणी बोला रे!”

“लागली, सार. मागचा पाय.”

“मागचा? तिरकी शीर? उजवीकडे हात नाही ना लावला?”

“बोटं लावली. सुई नाही.”

सारांनी सोडलेला सुस्कारा फोनमधूनही लांबलचक ऐकू आला. मग ते कुणालातरी म्हणाले, “वाढ रे, पायसम वाढ आता.”

रेजितानं नळीला टाका घातला, वर पट्टी गुंडाळली. बाटलीतले थेंब आधी अडखळत, मग सलग पडायला लागले. मग ती भिंतीला टेकून खालीच बसली. आता हात असा कापत होता, की तिनं तो मांडीखाली दाबून ठेवला.

“सकाळपासून बघतोय,” तंकच्चन म्हणाला. त्यानं थर्मासातला कट्टन, म्हणजे बिनदुधाचा, चहा झाकणात ओतून तिच्या पुढे धरला, गूळ घातलेला. “हे नुसतं उपाशीपोटाचं नाही.”

“नाही.”

“हरीश डॉक्टरांना ठाऊक आहे?”

“उद्या सांगेन.” तिनं दोन्ही हातांनी झाकण धरलं. “तुम्ही उद्या फणसाचं झाड तोडायला माणूस बघा.”

“झाड कशाला, मोळे? माझेच हात तोडा.”

“हात राहू द्या. दाराला कुलूप लावा.”

दुसरी बाटली निम्मी झाली तेव्हा अम्मा चढ चढून आली. एका हातात छत्री, कडेवर रडून रडून घसा बसलेला कुट्टन. “मेंढी मेंढी करत माझ्या नातवाला उपाशी मारशील,” दारातूनच ती म्हणाली. मग आत पाहिलं, आणि आवाज खाली आणला. “जगेल ना गं?”

“बघू.”

रेजितानं हात धुतले, कपडे बदलले आणि बाहेरच्या पडवीत पाठमोरी बसून पोराला ओढणीखाली घेतलं. तो हुंदके देत देत प्यायला लागला. त्याच्या टाळूजवळ, सुई लागली होती तिथं, केस अजून नीट आले नव्हते. तिनं त्या जागेवर ओठ टेकवले आणि तसेच राहू दिले.

उन्हं कलली तेव्हा नऊ नंबरनं डोळ्यांवरचा तोर्त झटकून टाकला. मग पुढचे पाय दुमडून बसती झाली. गाठ आलेला पाय तिनं जरा बाजूला ठेवला होता. बराच वेळ ती भिंतीकडे बघत राहिली. मग घशातून काहीतरी वर आलं आणि जबडा आडवा हलला. एकदा. पुन्हा.

“रवंथ!” तंकच्चन ओरडला. “अगं रवंथ करतेय!” मग त्याचा चेहरा उतरला. जमिनीवरची रिकामी बाटली उचलत तो म्हणाला, “एवढं करून वाचवली. आणि पंधरा दिवसांनी मुदत भरली, की तुम्हीच तिला...”

“हो.”

“मग एवढी कशाला जिवाची धडपड केलीत?”

कुट्टन रेजिताच्या खांद्यावर झोपला होता, त्याचा गरम श्वास मानेला लागत होता.

“पंधरा दिवस तिचे आहेत, अच्चाया,” ती म्हणाली. “आणि तेव्हा ते इंजेक्शन मागच्याच पायातून देईन. दुखू देणार नाही.”

झोपलेल्या पोराला एका हातानं सावरत ती मेंढीपाशी वाकली आणि मोकळ्या हाताची दोन बोटं तिच्या उजव्या मानेवर ठेवली. नऊ नंबर चघळत राहिली. बोटांखाली भुंगा न थांबता गुणगुणत होता.